दुडदुडत्या पावलांसाठी जागा : पुण्याच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, यांस


पाणी, रस्ते, कचरा आणि रहदारी यांच्या तक्रारींनी ज्या दप्तराला दिवसाचे तास अपुरे पडत असतील, त्या दप्तरात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या नाचाचा विषय घेऊन येणारा अर्ज अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे, हे मी जाणून आहे. तरीही हे पत्र मी आपल्याच नावे आणि तेही उघडपणे लिहीत आहे, कारण ज्या उणिवेकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ती कोणा एका घराची खासगी अडचण राहिलेली नाही, आणि ती दूर करण्याची साधने या शहरात दुसऱ्या कोणाहीपेक्षा आपल्या हाती अधिक आहेत. माझे आयुष्य बालवाडीत शिकविण्यात गेले. निवृत्तीनंतर नातीसाठी नृत्याचा वर्ग शोधू लागले तेव्हा, ज्या वयाच्या मुलांना मी जन्मभर ओळखत आले त्याच वयासाठी या विद्यानगरीत किती थोडी सोय आहे, ते माझ्या ध्यानी आले.

मूल पहिले पाऊल टाकते ते साधारणपणे वर्षाच्या आसपास, परंतु ताल त्याच्या अंगात त्याच्याही आधी उतरलेला असतो. शेजारच्या घरात कोणी टाळ वाजविला, मांडवात ढोल घुमला, की मांडीवरचे मूल गुडघ्यांतून हिंदकळू लागते, आणि त्याला ते कोणी शिकविलेले नसते. २०१० साली मार्सेल झेंटनर आणि तुओमास एरोला या संशोधकांनी पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या १२० मुलांना संगीत, नुसते ठेके आणि मोठ्या माणसांचे बोलणे ऐकवून पाहिले. बोलण्यापेक्षा संगीताला आणि ठेक्याला मुलांचे अंग अधिक लयीने हलले, आणि ज्या मुलांची हालचाल तालाशी अधिक जुळली ती अधिक हसली. आपल्याकडच्या आयांनी आणि आज्यांनी हे बडबडगीते म्हणताना, मुलाचे दोन्ही हात धरून त्याला झुलविताना, शतकानुशतके पाहिलेले आहे; परंतु सार्वजनिक कारभारात ज्या गोष्टीला आकड्याचा दाखला नाही तिला जागा मिळत नाही, म्हणून तो दाखला येथे नोंदवून ठेवते.

या आनंदाला घराबाहेर एखादी जागा असावी, बरोबरीची चार मुले असावीत, आणि जाणते कोणीतरी समोर बसून ठेका धरणारे असावे, एवढ्याच अपेक्षेने आईबाप वर्ग शोधावयास निघतात. पुण्यात नृत्यगुरूंची वाण नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली येथे नृत्यभारतीची स्थापना केली तेव्हा पांढरपेशा घरातील मुलीने पायात घुंगरू बांधणे ही गोष्ट सहजी मान्य होणारी नव्हती. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या तपश्चर्येमुळे आज कथक आणि भरतनाट्यम यांचे वर्ग पेठांपासून उपनगरांपर्यंत सर्वत्र चालतात, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेपासून पुढच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे. पण या गुरूंपैकी जे खरोखरी विद्येची चाड बाळगणारे, ते दोन-अडीच वर्षांचे मूल पाहून सौम्यपणे सांगतात, ‘सहा-सात वर्षांची झाली की घेऊन या.’

हे उत्तर निराशाजनक असले तरी योग्य आहे, आणि त्याची कारणे पालकांनी समजून घ्यावीत असे मला कळकळीने वाटते. दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारणे मुलाला दुसऱ्या वर्षाच्या आसपास जमू लागते. एका पायावर लंगडी घालणे साधारणतः चौथ्या वर्षाकडे येते. पावलाच्या तळव्याची कमान या वयात पुरती तयारही झालेली नसते, ती पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत घडत राहते, आणि म्हणूनच अनेक आयांना आपल्या मुलाचे पाय सपाट असल्याची उगीच काळजी लागून राहते. अशा पायांवर भरतनाट्यमच्या अर्धमंडलाचा, म्हणजे गुडघे वाकवून अर्धे बसण्याचा, भार टाकून मुलाला मिनिटामागून मिनिट त्याच स्थितीत ठेवणे, किंवा कठीण फरशीवर कथकच्या तत्काराचे, म्हणजे पदन्यासाचे, आघात करवून घेणे, हे त्याच्या सांध्यांवर अन्याय करणारे आहे. शिवाय डावा-उजवा हा भेद ज्याच्या मनात अजून पक्का झालेला नाही, त्याला आठ मात्रांचा बंदिस्त क्रम पाठ करावयास लावणे म्हणजे त्याच्या स्वाभाविक लयीला अडसर घालणे होय. शास्त्र म्हणून नृत्य शिकविण्याचे हे वय नव्हेच.

मग उरतात ते दुसऱ्या प्रकारचे वर्ग, ज्यांना वयाची अट नाही, कारण त्यांची खरी अट एकच आहे, ती म्हणजे सबंध वर्षाची फी एकरकमी भरण्याची. असा एक वर्ग मी जवळून पाहिला. तळमजल्यावरचा गाळा, तीन भिंतींना छतापर्यंत आरसे, गुळगुळीत फरशी, आणि कोपऱ्यात मुलांच्या उंचीचा ध्वनिक्षेपक; आईबापांना काचेच्या दाराबाहेर बसविण्याचा तेथे शिरस्ता होता. वर्गाची वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे या वयाचे मूल दिवसभराने थकून झोपेकडे झुकलेले असते नेमकी ती. मोठ्यांच्या प्रणयासाठी रचलेल्या चित्रपटगीतावर एक तरुण मुलगा पुढे उभा राहून हातवारे करून दाखवीत होता, आणि पाठीमागे रांगेत उभी केलेली तीन-तीन वर्षांची मुले आरशात त्याच्याकडे पाहात त्या हातवाऱ्यांची नक्कल करण्याची धडपड करीत होती. एक मुलगा खांबाला टेकून, दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबून उभा होता; त्याच्या सदऱ्यावर क्रमांकाची पट्टी लावलेली होती, आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन त्याचे हात कानांवरून खाली ओढीत होते, कारण रांगेत हात खाली असावे लागतात. डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनासाठी त्या नाचाची तयारी चालली होती, आणि वेशभूषेचे पैसे निराळे होते. त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला नाच येत होता, मुलांविषयी कोणी काही शिकविलेले नव्हते, आणि गाळ्याचे भाडे भरावयाचे होते.

येथे आणखी एक दाखला द्यावासा वाटतो, कारण तो थेट या ध्वनिक्षेपकाशी निगडित आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोलकीवर ठेका धरावयास सांगितले; कधी समोर माणूस बसून वाजवीत असे, कधी ढोल वाजविणारे यंत्र असे, तर कधी ठेका नुसता ध्वनिक्षेपकातून ऐकू येत असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सर्वच वयांच्या मुलांचा ताल जिवंत माणसाच्या संगतीत अधिक अचूक लागला, आणि अडीच वर्षांची मुले तर आपली सहजची गती सोडून दुसऱ्याच्या गतीशी जुळवून घेऊ शकली ती केवळ समोर माणूस असतानाच. ज्या वर्गात यंत्र वाजते आणि माणूस मुलाकडे पाठ करून उभा असतो, त्या वर्गात मूल ताल शिकत नाही, असे म्हणण्यास यापेक्षा स्पष्ट आधार मला ठाऊक नाही.

या वयाचा वर्ग कसा असतो हेही मी पाहिले आहे, आणि आयुक्त महाशय, माझ्या विनंतीचे सारे मर्म त्यात असल्यामुळे त्याचे वर्णन थोडे विस्ताराने करण्याची मुभा असावी. एका पेठेतील जुन्या वाड्याच्या ओसरीवर, सकाळी दहाच्या सुमारास, कथकची विशारद झालेली एक बाई हातात खंजिरी घेऊन जमिनीवर मांडी घालून बसत असे. मुले सात-आठ, सगळी अनवाणी, आणि प्रत्येकाबरोबर घरातले एक मोठे माणूस. फरशी शहाबादी, सकाळीच पुसून कोरडी केलेली. सतरंजी मुद्दाम गुंडाळून बाजूस ठेवलेली, कारण तिच्या कडांत लहान पाय अडकतात. गाणे लावणे नाही, आरसा नाही, रांग नाही. खंजिरी हळू वाजू लागली की मुले चालू लागत, जलद झाली की धावत, आणि ती एकाएकी थांबली की जागच्या जागी थिजत. या थांबण्यातच त्यांचा सर्वांत मोठा आनंद साठविलेला असे. बाई पुढचा ठोका मुद्दाम लांबवीत. तीन वर्षांचा एक मुलगा तेवढा वेळ श्वाससुद्धा रोखून, एक पाय अर्धवट उचललेला, डोळे खंजिरीवर खिळलेले, असा उभा राही, आणि ठोका पडताच त्याच्या तोंडून जो हर्षाचा चीत्कार निघे तो साऱ्या ओसरीत घुमे. पुढे मांजर दबकत चाले, बेडूक उड्या घेई, पाऊस बोटांवरून खाली येई. हात वर जाणे, वाकणे, फिरणे, तोल सांभाळणे, लय ओळखणे, थांबणे, असे नृत्याचे जे जे काही मूलद्रव्य आहे ते सारे त्या पाऊण तासात येऊन जाई, आणि मुलांना ते खेळ म्हणूनच ठाऊक असे.

त्या वर्गात एक मुलगी कितीतरी दिवस आजोबांच्या मांडीवरून उठलीच नाही. अंगठा तोंडात, पाठ आजोबांच्या छातीला टेकलेली, आणि नजर मात्र सगळीकडे. बाईंनी तिला एकदाही नावाने हाक मारून पुढे बोलाविले नाही. आजोबांनी तिला ढकलू नये म्हणून डोळ्यांनीच त्यांना ताकीद दिली. एके दिवशी तिच्या पायाची बोटे हलताना दिसली तशा बाई बोलत बोलत सरकून तिच्या जवळ जाऊन बसल्या, आणि तिची बोटे ज्या गतीने हलत होती त्याच गतीने त्यांनी खंजिरीवर टिचक्या मारावयास आरंभ केला. मुलीने बोटे थांबविली, बाई थांबल्या. तिने पुन्हा हलविली, खंजिरी पुन्हा वाजली. आपण हललो की जगात नाद उमटतो हे त्या मुलीला त्या क्षणी कळले असावे, कारण त्यानंतर ती उतरली आणि इतरांत मिसळून गेली. गुरूने शिष्याच्या लयीला आपला ठेका जोडून घ्यावा, अशी ही या वयाची शिक्षणपद्धती आहे, आणि ती ज्याला साधली त्याला मी थोर शिक्षक म्हणेन.

तो वर्ग आता चालत नाही. वाडा पाडून तेथे नवी इमारत उभी राहू लागली, आणि सकाळच्या त्या पाऊण तासासाठी परवडेल अशी दुसरी जागा बाईंना परिसरात मिळाली नाही. मंगल कार्यालयांचे दर त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. गृहनिर्माण संस्थांच्या दालनांत बाहेरच्या मुलांना प्रवेश नव्हता. आणि भाड्याने गाळा घ्यावा तर भाडे फिटण्यासाठी सात-आठ मुलांऐवजी पंचवीस-तीस घ्यावी लागली असती, म्हणजे जे त्या करीत होत्या तेच उरले नसते. चांगले वर्ग मिळत नाहीत याचे कारण चांगली माणसे नाहीत असे पुष्कळजण समजतात. माणसे आहेत, त्यांना जागा नाही, आणि जागेच्या भाड्यानेच वर्गाची वेळ, मुलांची संख्या, आवाज आणि स्नेहसंमेलन हे सारे ठरवून टाकलेले आहे.

पूर्वी या वयाच्या मुलांना नृत्याचा वर्ग लागत नसे, कारण वाड्याला चौक होता, चाळीला गॅलरी होती, आणि वर्षाच्या कालचक्रात नाचण्याचे दिवस ठरलेले होते. श्रावणात मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी आणि पिंगा चाले, तेव्हा पेंगुळलेली मुले मध्येच उठून त्या गलक्यात शिरत. आश्विनात सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती भोंडल्याचे फेर धरीत, आणि त्या फेरात दोन वर्षांच्या पोरीचा हात एका बाजूने मावशीच्या आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या काकूंच्या हातात असे. वारीच्या दिवसांत पावलीचा ठेका रस्त्यावरून घरात येई. कोणी कोणाला शिकवीत नसे, सर्व वयांची माणसे एकत्र नाचत, आणि मूल त्यांच्या पायांत पाय घालीत नाचावयास लागे. आज त्याच वयाचे मूल सहाव्या मजल्यावरील सदनिकेत वाढते, खाली उतरते ते वाहनतळात, आणि खाली राहणाऱ्यांना त्रास होतो म्हणून घरात उड्या मारू नकोस असे त्याला दिवसातून अनेकदा सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसंबंधी केलेल्या शिफारशींत म्हटले आहे की, एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान १८० मिनिटे निरनिराळ्या प्रकारची हालचाल करावी, तीन वर्षांनंतर त्यांपैकी निदान ६० मिनिटे दमविणारी असावीत, आणि बाबागाडीत वा खुर्चीत त्याला एका वेळी तासाहून अधिक जखडून ठेवू नये. तीन तास हलण्यासाठी त्या मुलाला जमीन कोणती, हा प्रश्न आईबापांनी कोणाला विचारावा?

बालशिक्षणात अंगाच्या हालचालीला आणि लयीला अग्रस्थान देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही, उलट आपण तिचे मानकरी आहोत. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे जाऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे ते बीज मराठी मुलुखात आणले. माँटेसोरी पद्धतीत जमिनीवर आखलेल्या लंबवर्तुळाकार रेषेवरून मुलांना संगीताच्या लयीत चालविण्याचा जो पाठ आहे, तो बालवाडीत शिकविणाऱ्या आम्हां सर्वांच्या हातून शेकडो वेळा झाला, आणि पाण्याने भरलेला पेला हातात घेऊन त्या रेषेवरून चालणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते तिच्याशी तुलना करण्याजोगे दुसरे काही मला सुचत नाही. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाईंनी बालवाडी काढली, तेव्हा वस्तीतली मुले वर्गापर्यंत येत नाहीत असे दिसून येताच त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी वर्ग उचलून मुलांच्या वस्तीत, त्यांच्या दारासमोरच्या अंगणात नेला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्याचा विस्तार झाला, आणि आज राज्यात लाखाहून अधिक अंगणवाड्या चालतात. मूल जेथे आहे तेथे आपण जावे, ही त्या दोघींची कार्यपद्धती होती.

त्याच पद्धतीला अनुसरून माझी विनंती आहे. महानगरपालिकेच्या मालकीची समाजमंदिरे, सांस्कृतिक दालने, विरंगुळा केंद्रे आणि शाळांची सभागृहे या शहराच्या बहुतेक भागांत आहेत. त्यांपैकी पुष्कळशी संध्याकाळी गजबजलेली असली, तरी सकाळी नऊ ते बारा या वेळेत अनेकांना कुलूप असते, हे कोणाही पादचाऱ्याला दिसते; आणि नेमकी हीच वेळ दीड ते चार वर्षांच्या मुलाची सर्वांत टवटवीत असते, न्याहारी झालेली, दुपारची झोप अजून दूर. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत असे एकेक दालन आठवड्यातून दोन सकाळी, आणि नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी रविवारी सकाळी, या वयाच्या मुलांच्या नृत्य आणि लयीच्या वर्गाकरिता नाममात्र आकारावर राखून ठेवावे. नवी इमारत नको, नवे खाते नको. पुसलेली कोरडी जमीन, उघडणाऱ्या खिडक्या, जवळ स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी, एवढी तजवीज पुरेशी आहे. जमीन लाकडाची असल्यास उत्तमच, कारण लाकडावर ढोलकीचा कंप पावलांपर्यंत पोहोचतो, आणि ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांनाही त्या वर्गात स्थान मिळते.

दालन देताना काही अटी मात्र आपण घालाव्यात, आणि त्यांत शिथिलता ठेवू नये. एका वर्गात मुले दहाच्या आत असावीत. प्रत्येक मुलाबरोबर घरचे माणूस आतच बसावे. या एका नियमाने सुरक्षिततेचा निम्मा प्रश्न सुटतो, आणि मूलही निर्भय राहते. शिक्षकाच्या चारित्र्याविषयी पोलिसांकडून खातरजमा करून घ्यावी. ध्वनिक्षेपकास मनाई असावी. ढोलकी, डफ, टाळ, खंजिरी आणि माणसाचा गळा एवढीच वाद्ये पुरेत. कोणत्याही कार्यक्रमासाठी, उद्घाटनासाठी वा पाहुण्यांच्या स्वागतासाठी या मुलांना उभे करू नये, मग ते महानगरपालिकेचे समारंभ असले तरीही. या शेवटच्या अटीवर मी हट्टाने बोलते, कारण प्रेक्षक आले की रांग येते, रांगेमागून पाठांतर येते, आणि मग जे मूल तालात नसते ते मागच्या रांगेत जाते.

फीविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. जे वर्ग आज चालतात ते ज्यांच्या खिशाला परवडतात त्यांच्यासाठी चालतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून दिवस काढते, आणि त्याच्या पायांत लय काही कमी नसते. म्हणून प्रत्येक दालनातील निम्म्या जागा लगतच्या वस्तीतील अंगणवाडीच्या मुलांसाठी विनामूल्य मुक्रर कराव्यात, त्यांच्याबरोबर आई नसेल तर अंगणवाडीची मदतनीस यावी, आणि ही मुले निराळ्या दिवशी निराळी न बसवता त्याच वर्गात, त्याच फेरात असावीत. आणखी एक गोष्ट पालकांना उद्देशून : या वर्गात मुलगे आणावेत. तीन वर्षांच्या मुलग्याला नाचावेसे तितकेच वाटते जितके त्याच्या बहिणीला. नाच हा मुलींचा, असे त्याला घरात कोणीतरी सांगेपर्यंत तो थांबत नाही.

शिक्षक कोठून आणावयाचे, असे आपले अधिकारी विचारतील. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कितीतरी विशारद या शहरात आहेत, ज्यांना स्वतःचा वर्ग काढणे परवडले नाही. बालवाडीतून निवृत्त झालेल्या, मुलांच्या स्वभावाची नस जाणणाऱ्या शिक्षिका आहेत. आणि ज्या विरंगुळा केंद्रांचा वर उल्लेख केला तेथे रोज भेटणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांना भोंडल्याची गाणी आणि झिम्म्याचे प्रकार तोंडपाठ आहेत, ते ऐकण्यास आज कोणी नाही. नर्तकीला बालमन ठाऊक नसते, बालशिक्षिकेला लयीचे शास्त्र ठाऊक नसते. दोघींना काही आठवडे एकत्र बसविणारा एखादा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या संस्थेच्या साह्याने आखता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पायाभूत टप्पा म्हणून मान्य केला आहे, आणि खेळ, कला व हालचाल यांतून शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. तेव्हा या खर्चाला धोरणाचा आधार नाही अशी हरकत कोणाला घेता येणार नाही. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने पालिकेची काही कर्तव्ये बंधनकारक ठरविली आणि काही तिच्या विवेकावर सोपविली. हे काम दुसऱ्या प्रकारातले आहे हे मला मान्य आहे. शहराची ओळख त्याच्या विवेकाधीन कर्तव्यांवरून अधिक होते, असे माझे मत आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली ज्या पुण्याने उभारले, त्या पुण्यावर ते उभारण्याची सक्ती कोणी केलेली नव्हती.

जोवर अशी सोय होत नाही तोवर आईबापांनी काय करावे, हेही दोन शब्दांत सांगते, कारण हे पत्र आपल्याबरोबर तेही वाचतील. वर्ग पाहावयास जाल तेव्हा आत बसू देतात का ते प्रथम विचारा, आणि नाही म्हणाले तर परत फिरा. शिक्षक मुलांकडे तोंड करून आहे की आरशाकडे, ते पाहा. मूल पहिले काही दिवस मांडीवरून उतरले नाही तर त्याला ढकलू नका. ते पाहात असते, आणि पाहिलेले सारे घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात करून दाखविते. आणि कोणताच वर्ग मनास न आला तर शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून आठवड्यातील एक सकाळ ठरवावी, एकीने डबा वाजवावा, दुसरीने गाणे म्हणावे. या वयाला तेवढेही खूप असते.

आयुक्त महाशय, सर्व शहरात एकदम हे व्हावे असा माझा आग्रह नाही. येत्या घटस्थापनेच्या आत प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या हद्दीतील सकाळी कुलूपबंद राहणाऱ्या दालनांची यादी करून ती जाहीर करावी, आणि त्यांपैकी निदान एक दालन प्रत्येक भागात या मुलांसाठी उघडावे, असा आदेश आपण काढावा. जागा मिळाल्यास बिनपगारी शिकविण्यास तयार असलेल्या निवृत्त शिक्षिका माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांत पहिले नाव माझे लिहून घ्यावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, पुणे